माझ्याकडे तर चालतंय!

"खोटं! साफ खोटं!" ठिणगीने फोन टेबलावर आपटला. "आत्या समोर बसून बाहुलीचा हात शिवतेय आणि वेबसाइट म्हणते, दुकान बंद आहे!"

सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ चष्मिश आत्याच्या खेळणी-दुरुस्तीच्या दुकानात मदतीला आले होते. पण मदत कसली करणार? गिऱ्हाईकच फिरकत नव्हतं. लोकांना आता आपली गरज नाही, असं आत्याने मनाला लावून घेतलं होतं. शनिवारी ती दुकानाला कायमचं कुलूप लावणार होती!

कॉम्प्युटरवाल्या काकांनी नुकतीच वेबसाइट नव्या मशीनवर हलवली होती. त्यांना बोलावलं, तर ते आल्या आल्या डाफरले, "तुमचे फोनच भंगार! माझ्याकडे तर मस्त चालतंय." लॅपटॉपवर खरंच दुकान उघडं होतं. "ताई, लोकच येत नसतील तर वेबसाइट काय करणार?"

आत्या खाली मान घालून शिवत राहिली. ठिणगीच्या अंगाची लाही लाही झाली. तिला तोंड उघडू न देता चष्मिशने कपाटामागे ओढलं.

"तू फोनवर 'आत्या' दाबतेस, पण लागतो तो नंबर. हो ना? वेबसाइटचंही तसंच. आपण नाव टाकतो आणि त्या नावाचा नंबर आपला कॉम्प्युटर इंटरनेटवर विचारून घेतो. आता समज, आत्याने नंबर बदलला आणि तो फक्त एकानेच लिहून घेतला..."

"तर बाकीचे जुन्याच नंबरावर जातील!"

"आणि जुन्या मशीनवर, वेबसाइट हलवताना लावलेली 'बंद'ची पाटी!"

ठिणगी गोड हसत बाहेर आली. "काका, आमचे फोन भंगारच हो! तुमच्या नव्याकोऱ्या फोनवर दाखवा ना!"

काकांनी ऐटीत नाव टाकलं. दुकान बंद आहे! त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तपासायला नवा नंबर फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये लिहिला होता," ते पुटपुटले. "इंटरनेटवर बदलायचा... राहिलाच."

"राहिलाच? आणि बोल लावलेत आत्याला!" ठिणगी कडाडली.

काकांनी निमूटपणे नंबर बदलला. सगळीकडे पोहोचायला थोडा वेळ लागेल, म्हणाले. संध्याकाळी एक आजोबा कान तुटलेला ससा घेऊन आत शिरले. "अहो, तुम्ही बंद केलं होतंत ना? नात रोज विचारत होती!"

आत्याचे डोळे भरून आले. "हिच्या नाकावर सदा राग, म्हणून मीच हिला ओरडायचे," ती म्हणाली. "शाबास गं! आणि चष्मिश, तूसुद्धा!"

ठिणगीचा राग मात्र अजून गेला नव्हता. तिने काकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तो आत्याच्या हातात दिला.

"काका, अजून एक राहिलंय. आत्याची माफी!"