कप्तान कुणाचा

पहिल्याच भेटीत तिने त्याचे डोळे दिपवले, आणि हे काही कौतुकाने म्हणायचं वाक्य नाही. चष्म्याच्या दुकानातला हातभर आरसा तिच्या हातात होता, रविवार सकाळचं ऊन आरशात होतं, आणि जुन्या दफनभूमीच्या त्या कोपऱ्यात आणखी कुणी असेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"बाई, माझं काही चुकलं असेल तर तोंडाने सांगा," पलीकडून आवाज आला. "डोळ्यांत ऊन कशाला घालता?"

एक उंच माणूस डोळे गच्च मिटून, कुणाच्या तरी थडग्याला धरून एका पायावर उभा होता. दुसरा पाय चिखलात रुतला होता. अंगाला शेळ्यांचा वास येत होता, कारण तो गुरांचा डॉक्टर होता आणि येताना एका शेळीचं फुगलेलं पोट बघून आला होता. तिने माफी मागितली, पाय ओढून काढायला हात दिला आणि आरशाचा खुलासा केला. झिजलेली अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत. ऊन बाजूने तिरकं पाडलं की खाचांत सावल्या भरतात आणि वाचता येतं. अडचण एवढीच, की आरसा एकाने धरावा लागतो आणि वाचावं दुसऱ्याने लागतं.

"मग धरतो की मी," तो म्हणाला. "कुणाला शोधताय?"

"कप्तानाला. माझे खापरपणजोबा."

तो आरसा हातात घेऊन तसाच उभा राहिला. "मी पण त्यांनाच शोधतोय... माझेही खापरपणजोबा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांना अजून पाणी येत होतं. डोळे तपासणं हा तिचा रोजचा धंदा, पण त्या दिवशी तिने ते जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ तपासले.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण तिच्या आत्याने असल्या म्हणींना कधी भीक घातली नव्हती. आपलं घराणं बंदरावरच्या त्या थोर कप्तानाचं, हे आत्या उभा जन्म भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ऐकवत आली होती. आता सगळे नातेवाईक जमायचे होते आणि त्यांच्यासमोर पुरावा मांडायचा होता. आत्याचे गुडघे कुरकुरत, म्हणून काम भाचीच्या गळ्यात पडलं. आईवडिलांच्या मागे आत्यानेच तिला वाढवलं होतं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर आत्याने आयुष्यात बढाई मारली ती या एकाच गोष्टीची. बाकी बिचारीकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरची बातमी ऐकून आत्या हरखली. तिने त्याला ताबडतोब चहाला बोलावलं, कान कप्तानासारखेच आहेत असा निर्वाळा दिला आणि भाचीकडे वळून म्हणाली, "तुझा भाऊ लागतो गं हा. दादा म्हण त्याला."

डॉक्टरला बिस्किटाचा ठसका लागला. भाचीने पाणी दिलं, पण दादा काही म्हटलं नाही. तिला तो आवडला होता. पहिल्याच दिवशी, चिखलातल्या त्या एका पायासकट आवडला होता, आणि आता घरात बसल्या बसल्या तो तिचा भाऊ होऊन बसला होता.

त्यानंतरचे रविवार थडग्यांमध्ये गेले. तो आरसा धरायचा, ती वाचायची. मधूनच उजेड दगडावरून घसरून तिच्या गालावर यायचा. ती ओरडली की तो वारा सुटलाय म्हणायचा, आणि झाडाचं पानही हलत नसायचं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"पाचव्या पिढीतला भाऊ म्हणजे फारसा भाऊ नसतो," एकदा तो दगडाकडे बघत म्हणाला.

"आत्याच्या हिशेबात असतो."

"मी आत्यांना नीट समजावतो. घोड्यांची वंशावळ घेऊन..."

"घोडा हा शब्दही काढायचा नाही तिच्यासमोर," ती म्हणाली आणि पुढच्या दगडाकडे वळली.

कप्तानाचं थडगं सापडलं, पण त्यावर नाव आणि हुद्द्यापलीकडे काही नव्हतं. पुढे सरकारी दप्तरखान्यात जुनी जनगणना सापडली आणि घोटाळा वाढला. कप्तानाच्या घरात तेव्हा दोन लहान मुलगे होते. एक तिचे पणजोबा, एक त्याचे. आडनावं लिहिलेली नव्हती. नात्याच्या रकान्यात मोजणीवाल्याने एका मुलासमोर 'पुत्र' लिहिलं होतं आणि मग कंटाळून खाली सगळ्यांना 'सदर' 'सदर', म्हणजे वरचंच, ठोकत गेला होता. त्या हिशेबाने घरातला म्हातारा स्वयंपाकीसुद्धा कप्तानाचा पुत्र ठरत होता. तेवढ्याने काही कळेना, म्हणून त्यांनी कप्तानाचं मृत्युपत्र काढवलं. कप्तान मोठा वल्ली होता. बैठकीतलं घड्याळ त्याने बहिणीला दिलं होतं, कारण ती सगळीकडे उशिरा पोचायची. मेहुण्याला काही नव्हतं, 'कारण त्याला ठाऊक आहे.' पुढे लिहिलं होतं, 'राहतं घर माझ्या एकुलत्या एका मुलास.' आणि शेवटी, 'माझ्या स्वयंपाक्याचं थडगं माझ्या पायाशी बांधावं. मीठ जास्त घालायचा, पण माणूस सोन्याचा.'

"एकुलता एक," डॉक्टरने पुन्हा वाचलं. "म्हणजे दुसरा मुलगा स्वयंपाक्याचा. म्हणजे तू माझी कुणीच नाहीस."

इतक्या आनंदाने हे वाक्य आजवर कुणी कुणाला ऐकवलं नसेल. तीही हसली. पण हसता हसता तिला आत्या आठवली आणि हसू जागच्या जागी विरलं. दोघांपैकी एकाच्या घरातून कप्तान जाणार होता. त्याच्या घरी कुणाला सोयरसुतक नव्हतं. त्याच्या आईला कप्तानापेक्षा दुधाचा भाव महत्त्वाचा वाटायचा. पण आत्याच्या घरातून कप्तान गेला तर मागे काय उरणार?

पुढच्या रविवारी ती दोघं कप्तानाच्या पायाशी असलेल्या लहान थडग्यासमोर उभी राहिली. दगड उत्तरेकडे तोंड करून होता, ऊन त्याला कधी लागतच नसे. स्वयंपाक्याच्या नावाखाली एक ओळ होती, झिजून गुळगुळीत झालेली.

"आज तू वाच," ती म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

तिने आरसा तिरका धरला. तो गुडघ्यांवर बसला, ओळीकडे पाहिलं, घसा साफ केला. "स्वयंपाक्याच्या मुलाने बांधलं असं लिहिलंय," तो म्हणाला आणि स्वतःच्या पणजोबांचं नाव घेतलं. "चला. आम्ही मिठाचे, तुम्ही मानाचे. आत्यांना कळव."

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण दुकानात रोज अशी माणसं यायची, ज्यांना तक्त्यावरची खालची ओळ दिसत नसे आणि जी ती बाहेर बसून पाठ करून येत. तोंडाने घडाघडा म्हणत, मात्र डोळे एका जागी खिळलेले असत. वाचणाऱ्याचे डोळे सरकतात. याचे सरकले नव्हते.

"ऊठ," ती म्हणाली. "आरसा धर."

"कशाला? वाचलं की मी."

"डॉक्टर, आरसा धर."

त्याने धरला. या वेळी उजेड मुद्दामच इकडेतिकडे पळायला लागला, तसं तिने त्याचं मनगट धरून तो जागेवर आणला. खाचांत सावल्या भरल्या. नाव तिच्या पणजोबांचं होतं.

"खोटं का बोललास?"

"तुझी आत्या..." तो अडखळला. "आणि तू. मला कप्तान नसला तरी चालतं गं. तू नसलीस तर नाही चालत."

तिने मनगट सोडलं नव्हतं, आणि आता तर सोडायचं काही कारणच उरलं नाही. मनात लाडू फुटणं म्हणतात ते तिला त्या क्षणी कळलं, आणि लगेच पाठोपाठ आत्याच्या विचाराने रडूही आलं.

आत्याला सांगायचं तर आजच, नाहीतर धीर होणार नाही, म्हणून ती त्याला तसाच घरी घेऊन गेली. तिने सगळं सांगितलं, त्याच्या थापेसकट. आत्या ऐकत राहिली. चहा निवला, साय धरली. स्वयंपाक्याच्या मिठाचा उल्लेख आला तेव्हा तिने फक्त एकदा डोळे पुसले.

"डॉक्टर," शेवटी ती म्हणाली, "कप्तान तुझाच होता. मग सोडत का होतास?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. या घरात आत्याला काय वाटेल याला सगळे घाबरायचे. तिला वाईट वाटेल म्हणून स्वतःचं काही सोडणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला. तिने कप उचलला, साय बोटाने बाजूला केली आणि भाचीला म्हणाली, "कप्तान गेला तर गेला, पोरी. याला जाऊ देऊ नकोस."

पण डॉक्टरला खरंच जायचं होतं. एका गोठ्यात गाय अडली होती, दोनदा निरोप येऊन गेला होता. तो कानापर्यंत लाल होऊन दारात घुटमळला.

"थांब," भाची म्हणाली आणि चांगल्या चपला काढून आत्याचे जुने बूट पायात घालायला बसली. "मी येते तुझ्याबरोबर."