चौकटीतली काळी पट्टी

कल्याण, तो मोबाईल पालथा ठेव. आरती, कडी लाव. मधे बोलायचं नाही. हे सहादेवच्या बाबतीत घडलेलं आहे. सहादेव माझ्या बरोबरीचा, बेलापुरातला फोटोवाला. खोटं रचायची त्याला अक्कलच नाही.

त्याचं दुकान मोबाईलनं बंद पाडलं, पण एक नाद राहिला. त्याच्याकडे दोन भिंगांचा जुना कॅमेरा होता. त्यात एका वेळी दोन फोटो निघतात, डाव्या डोळ्याचा एक, उजव्याचा एक. फिल्म मुंबईहून धुऊन आली की दोन्ही तुकडे पुठ्ठ्याच्या चौकटीत शेजारी-शेजारी बसवायचे, चौकट डिंकानं बंद करायची आणि आत दिवा असलेल्या डबीत घालून बघायची. माणूस समोर उभा दिसतो. हात लावावा असा.

“थ्रीडी म्हणा की, आजोबा.”

“काय म्हणायचं ते तू म्हण, कल्याण. गप ऐक.”

डावा तुकडा उजवीकडे बसला, तर मागचं पुढे येतं आणि पुढचं मागे जातं. म्हणून सहादेव डाव्या तुकड्याच्या कोपऱ्यात टाचणीनं खूण करायचा.

सूर्यभानच्या वस्तीवर नव्या विहिरीला पाणी लागलं, तेव्हा त्यानं असा फोटो काढला. पुढे मधोमध सूर्यभान. मागे, अगदी कडेला, त्याची बायको बनुबाई. निघताना ती हळूच म्हणाली, “भाऊ, ह्यो माझ्या आईला दावा. जामखेडला. पोर जित्ती हाय म्हनून कळंल तिला.”

वीस दिवसांनी ती त्याच विहिरीत सापडली. सूर्यभान म्हणाला, पाय घसरला. गाव गप्प बसलं. सहादेवही गप्प बसला. फोटो पेटीतच राहिला.

गेल्या वर्षी पौषातली अमावास्या. बुधवार. शुक्रवारी सूर्यभानचं दुसरं लग्न होतं. बनुबाईचे घरातले सगळे फोटो त्यानं जाळले आणि सहादेवला निरोप धाडला, “त्यो इहिरीवरचा बसवून आन. तिच्यावर पट्टी मार.”

तिचा तेवढाच फोटो उरला होता. तरी सहादेवनं दोन्ही तुकड्यांच्या कडेला काळी पट्टी लावली. बनुबाई झाकली गेली. त्यानं खूण दोनदा बघितली. डावा तुकडा डावीकडेच होता. चौकट बंद केली. जेवून सायकलनं वस्तीवर पोचला, तेव्हा पावणेदहा झाले होते. सूर्यभान घरात एकटाच.

त्यानं डबी डोळ्यांना लावली. हसला. मग हसू थांबलं.

“सहादेव, चेष्टा करतो का? ती दिसतीय.”

सहादेवनं डबी घेऊन बघितलं. कडेला काळं, मधे सूर्यभान.

“न्हाई, सूर्यभानराव. तुमीच हाय.”

सूर्यभाननं डबी हिसकली. परत लावली.

“ती पुढं आली… अन् मी मागं चाललो.”

“डबी काढा.”

“निघंना…”

सहादेवनं ओढली. सुटेना. सूर्यभान उठला. डबी तशीच डोळ्यांवर. उलट्या पावलांनी मागे सरकायला लागला. उंबरा. अंगण. बांध. एकदाही अडखळला नाही.

“बने… थांब.”

…

“मीच ढकललं. व्हय, मीच. आता थांब…”

सहादेवनं सदरा धरला. निसटला.

पाणी वाजलं. एकदाच.

डबी विहिरीच्या कठड्यावर होती. कोरडी. आतला दिवा चालू.

सहादेवनं पोलिसांना सगळं सांगितलं. या खेपेला गप्प बसला नाही. डबी तेवढी चौकटीसकट स्वतःजवळ ठेवली आणि शुक्रवारी जामखेड गाठलं. बनुबाईची आई, छबूबाई, दारातच बसली होती. त्यानं डबी तिच्या हातात दिली. पट्टीखाली लेक आहे, एवढं तरी सांगावं म्हणून.

म्हातारीनं डबी डोळ्यांना लावली.

“पोर लई चांगली दिसती रं,” ती म्हणाली. “पन मधी ह्ये काळं काय हाय?”

सहादेवनं डबी घेतली.

बनुबाई उभी होती. कडेला पट्टी नव्हती. पट्टी मधोमध होती, सूर्यभान उभा होता तिथं. दोन्ही तुकड्यांवर.

चौकट मी स्वतः हातात घेऊन बघितली आहे. चारही बाजूंनी. डिंक कुठेच उकललेला नाही.