येतं तेवढंच पिशवीत

खर्रकन पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला आणि पाळणाघरातली दुपारची शांतता भंगली. मुलांचा कुठे आत्ताच डोळा लागला होता! पाळणाघरवाली ताई तणतणतच दाराशी आली.

पायरीवर छोटी चिमणी खरचटलेला गुडघा धरून मुसमुसत होती. समोर एक अनोळखी, उंच तरुण. शेजारी भलीमोठी लाल पिशवी, आणि त्याच्या हातात... टाके घालायची सुई!

"ठेवा ती खाली!"

"अहो, मी हिचा मामा. सायकलचं दुकान आहे माझं. उद्याच्या सहलीला सोबत मोठं माणूस हवं होतं ना? तो मीच. आत्ता हिला घरी न्यायला आलो, तर ही धडपडली."

"आणि सुई?"

"बाजूला ठेवत होतो हो. पट्टी शोधतोय... तळाशी असेल."

ताईने पिशवी सरळ उपडी केली. सुया, नाकात घालायची नळी, रक्त थांबवायला करकचून आवळायचा पट्टा, कसल्याकसल्या गोळ्या. साधी पट्टी मात्र एक नाही!

"तयार मिळते ही पिशवी," तो पुटपुटला. "सैनिक वापरतात म्हणे."

"तुम्ही कुठल्या आघाडीवर होतात?"

"...व्हिडिओ पाहिलेत."

"व्हिडिओ पाहून मीसुद्धा विमान उडवते!"

तिने चिमणीचा गुडघा नळाखाली धुतला, गॉज ठेवून पट्टी लावली. चिमणीचं रडं थांबलं. ताईचा राग काही थांबेना.

"उद्याची सहल रद्द. दुसरं मोठं माणूस नाही, आणि तुमच्या हाती मी मुलं देणार नाही. येतं तेवढंच पिशवीत ठेवावं माणसाने. नाहीतर हात शिवशिवतात, आणि भोगतात माझी पोरं!"

त्याने सगळं पिशवीत भरलं. जाता जाता फक्त वळला. "शिकून आलो तर?"

"आधी शिका तर!"

तिने दार आपटलं. इतकं बोलूनही त्याचे डोळे एवढे शांत कसे, याचाही तिला संध्याकाळभर राग येत राहिला.

प्रथमोपचाराचा वर्ग करून पुढच्याच आठवड्यात तो हजर! डाव्या हातात लहानसा डबा — गॉज, पट्ट्या, हातमोजे, बोथट टोकाची कात्री.

"सुया?"

"परत केल्या. मला येत नाही ते."

"गोळ्या?"

"मुलांना औषध देणारा मी कोण?"

तिने हसू दाताखाली दाबलं... आणि तेवढ्यात त्याची उजवी मूठ दिसली. गॉज लाल झालेलं.

"हे काय?"

"दुकानात पत्रा लागला. दाबून धरलंय, शिकवलं तसं. एका हाताने पट्टी बांधणं तेवढं जमेना."

"रक्त येतंय आणि हे डबे दाखवतायत! तोंड नव्हतं सांगायला? आणा इकडे!"

"रागवा हो, ताई—" तो अडखळला. "नाही... इथे सगळे तुम्हाला ताई म्हणतात. मला नाही जमायचं ते."

पट्टी केव्हाच बांधून झाली होती.

"राहिलेली सहल उद्या सकाळी आहे," ती कडाडली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "उशीर केलात तर बघा!"

चिमणी केव्हाची दारात उभी राहून दोघांकडे बघत होती.

"ताई, तू मामाला एवढी ओरडतेस... मग त्याचा हात का सोडत नाहीस?"