खैरगडावरचा तांदूळ

थोरांच्या पावलावर पाऊल ठेवणाऱ्याची वाट कधीही चुकत नाही, अशी खैरगडचे किल्लेदार सुभानराव दहातोंडे यांची निष्ठा होती. आणि त्या दिवशी, पूर्वेचे कडे तांबूस होत असताना, त्या निष्ठेपायी वेढ्यात अडकलेल्या गडावरची दोनशे अर्धपोटी माणसे तटावर जमली होती.

सुभानरावांचे थोर म्हणजे कैलासवासी रायाजीबाबा चिखले. सोनकड्याला वेढा पडला तेव्हा बाबांनी तटावरून तांदळाच्या गोणी खाली फेकल्या, गडावर धान्य उतू जाते आहे असे समजून गनीम खचला आणि वेढा उठला, ही कीर्ती मुलखात सर्वश्रुत होती. सुभानरावांनी बाबांना एकदाच, एका लग्नाच्या पंगतीत, पाठमोरे पाहिले होते. तेवढ्या शिदोरीवर ते वीस वर्षे बाबांसारखे मान तिरकी करून चालत.

"सरकार, कोठीत बारा गोणी आहेत," कारखानीस विसाजीपंत म्हणाले. "पेज करून पुरवल्या तर आठ दिवस निघतील."

"पंत, बाबा कचरले होते?"

"मी तिथं नव्हतो, सरकार. आपणही नव्हतात."

"कथा तर साऱ्या मुलखाला ठाऊक आहे!"

"आहे. गोणी फेकल्यावर बाबांच्या माणसांनी काय खाल्लं, तेवढं त्या कथेत येत नाही."

सुभानरावांनी मान तिरकी केली. त्या मानेपुढे कुणाचे चालत नसे.

बारा गोणी कड्यावरून सुटल्या, आपटून फुटल्या, दरीत पांढरे ओघळ उतरले. तटावर सांडलेले दाणे एक बाई पदरात वेचू लागली. तिला कुणी हटकले नाही.

खालच्या छावणीत बराच वेळ सामसूम होती. मग एक धूर निघाला, मग दहा, मग मोजता येईनात इतके.

"तळ जाळून निघाले काय हो, पंत?"

"जेवण रांधतायत, सरकार."

तिसऱ्या दिवशी कोठी झाडूनही मूठ भरेना. तेव्हा सुभानराव एकटे, अनवाणी, भाल्यांच्या दुतर्फा रांगांमधून छावणीत उतरले. मान सरळ होती. वेढा घालणारे सरदार गंगाजीराव फडतरे नुकतेच आचवत होते. सुभानरावांनी तलवार त्यांच्या पायाशी ठेवली.

"माझं मस्तक घ्यावं. गडावरच्या माणसांना जिवानिशी जाऊ द्यावं."

"मस्तक राहू द्या, किल्लेदार. तुमच्या तांदळावर जगलोय आम्ही. रसद घाटात अडकली होती. तुम्ही गोणी फेकल्यात त्या सकाळी तंबू उपटायचा हुकूम मी दिला होता."

निशाण उतरले. संध्याकाळपर्यंत दोनशे माणसे खाली आली आणि दरीतल्या खड्यांसकट शिजलेला आपलाच भात शत्रूच्या पत्रावळीवर मुकाट्याने जेवली. सुभानरावांनी पत्रावळ बाजूला सारली.

"बाबांनी सोनकड्यावर हेच केलं होतं," ते अखेर म्हणाले.

"मी होतो ना सोनकड्यावर, तेव्हा बाबांच्याच कोठीवर चाकरीला," गंगाजीराव म्हणाले. "कोठी गळत होती. तांदूळ कुजला, वास सुटला, म्हणून फेकला."

"मग वेढा उठला तो?"

"गनिमाच्या सरदाराचे वडील वारले होते. तो दहाव्याला घरी गेला."