चिंधीचं शेपूट

"गाडीला दम लागतो, भाऊजी," वहिनी म्हणाली. "साधा पुलाचा चढ चढत नाही. मागून नुसता काळा धूर."

कानसेनने हातातला पाना खाली ठेवला. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचं, ही त्याची ख्याती. नावही त्यावरूनच पडलेलं. पण दारात उभ्या असलेल्या या घरगाडीचं दुखणं ऐकायला त्याला कसलीच गरज नव्हती. ते त्याला वर्षभरापासून तोंडपाठ होतं.

जुन्या बसच्या सांगाड्यावर ही गाडी त्याने आणि त्याच्या धंद्यातल्या जोडीदाराने सहा वर्षं खपून बांधली होती. दोन पलंग, शेगडी, घडीचं टेबल. काम सोडलं की दोघांनी मिळून फिरायचं ठरलं होतं. गाडी तयार झाली आणि जोडीदाराने मागच्या दारावरचं कानसेनचं नाव रंग फासून झाकलं. वर लोकांना सांगत सुटला, "कानसेनने काय केलं? नट आवळले."

हे कानसेनच्या जिव्हारी लागलं. गेल्या वर्षी तीच गाडी तोऱ्यात सर्व्हिसिंगला आली, तेव्हा त्याने इंजिनाला हवा नेणारा पाइप उघडला. उघड्या पाइपात काही पडू नये म्हणून तोंडाशी चिंधी कोंबायची आणि तिचं शेपूट बाहेर लोंबत ठेवायचं, म्हणजे काढायला विसरत नाही. हा या धंद्यातला पहिला धडा. त्या दिवशी त्याने स्वतःच्या जुन्या, निळ्या चौकड्यांच्या शर्टाची चिंधी कोंबली, बोटाने शेपूट आत ढकललं आणि पाइप बंद केला. चढावर चारचौघांत फजिती व्हावी, एवढीच इच्छा होती. निदान तो स्वतःला तसं सांगत आला होता.

घाटात इंजिन धापा टाकत बंद पडलं. बायकोला, म्हणजे वहिनीला, ब्रेकवर बसवून जोडीदार मागच्या चाकाला दगड लावायला उतरला आणि मागे सरकलेल्या गाडीखाली सापडून गेला.

"सगळे म्हणतात, माझा पाय सुटला," वहिनी म्हणाली. लेकसुद्धा तिच्याशी बोलत नव्हती. "मी तर उभी राहून ब्रेक दाबत होते. तो दगडासारखा झाला होता. इंजिनातच काही बिघाड होता का, एवढं बघा. मग माझ्या जिवाला शांतता मिळेल."

इंजिन बंद पडलं की ब्रेक दगड होतो, हे कानसेनइतकं कोणाला ठाऊक असणार? वहिनी दाराशी स्टुलावर बसली. तिच्याकडे पाठ करून त्याने पाइप उघडला, चिमट्याने चिंधी ओढली आणि खिशात घातली. काजळीने ती काळी झाली होती, पण चौकडी दिसत होती.

"काही सापडलं का?"

"काही नाही, वहिनी."

त्याने इंजिन सुरू केलं. धूर तसाच, धापही तशीच. त्याला नवल वाटलं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, तर आत कोणीतरी तोंडाने श्वास घेत असल्याचा आवाज. डिझेलच्या फिल्टरपाशी तो जोरात येत होता.

त्याने फिल्टर उघडला. आत निळ्या चौकड्यांची कॉलर होती, घडी घालून बसवलेली.

त्याने चिंधी एकच कोंबली होती. उरलेला शर्ट जोडीदाराला पोचवून आल्यावर अंगणात स्वतःच्या हाताने जाळला होता.

"काही सापडलं का?"

"नाही." कॉलर दुसऱ्या खिशात गेली.

आता आवाज सायलेन्सरमधून येत होता. तो गाडीखाली सरपटला, क्लॅम्प सोडवला आणि पाइपात बोटं घातली. अख्खी बाही निघाली. मनगटाचं बटण लावलेलं. सायलेन्सर एव्हाना चटका बसेल इतका तापला होता, पण बाहीला फक्त अंगाची ऊब होती.

"भाऊजी, काही सापडलं का?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. कानसेनने बाही बनियनखाली खुपसली.

"काही नव्हतं, वहिनी. गाडी ठणठणीत आहे."

या खेपेला इंजिन एका सुरात सुरू झालं. धुराचं नाव नाही.

"म्हणजे माझाच पाय सुटला."

"असेल, वहिनी."

ती रडली नाही. शांतपणे उठली आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसली.

"हे म्हणालेच होते. दमाने घे, भाऊजींना तीनदा विचार."

"कधी म्हणाले?"

"आत्ता. पुलाच्या चढावर."

गाडी समोरचा चढ धाप न लागता चढून गेली. मागच्या दारावरचा रंग उडाला होता. खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

कानसेनने हाक मारायला तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही.

त्याने खिसे चाचपले. रिकामे. बनियनखाली हात घातला. काही नव्हतं.

त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक छातीला टेकवलं आणि मान वाकवून मूठ कानाला लावली. आत तीच धाप.

भिंतीवरच्या आरशासमोर जाऊन त्याने जबडा फाकवला. जिभेवर निळ्या चौकड्यांचं टोक होतं. कोंबणारा धंद्यातलाच होता.

या वेळी शेपूट बाहेर ठेवलं होतं.