पिन कोणी काढली?

गोष्ट खरी आहे. पटली तर पटली.

आणि रात्र नव्हती बरं का. अमावस्या नव्हती, वीज गेलेली नव्हती. रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लख्ख उजेड होता. म्हणून तर जास्त राग येतो. अंधार असता तर डोळ्यांवर ढकलून मोकळं होता आलं असतं.

जिच्या बाबतीत हे घडलं तिला सगळी गल्ली 'लिफ्टवाली' म्हणते. लिफ्ट दुरुस्त करणं हाच तिचा धंदा, गेली सोळा वर्षं. दहा-दहा मजल्यांच्या लिफ्टचे दोर ती तपासते, कागदावर सही करते, आणि माणसं बिनघोर वरखाली करतात.

पण घरच्या गाडीचं बॉनेट बाबांनी तिला कधी उघडू दिलं नाही.

बाबा जुने मेकॅनिक. ती जवळ गेली की बोलायचे नाहीत... नुसते खांद्याने बाजूला सारायचे. लेक चाळिशीला आली तरी खांद्याने बाजूला!

शेवटच्या वर्षी त्यांना विसर पडायला लागला होता. एकदा चाकाचे नट अर्धवट आवळून तसेच सोडले. भर रस्त्यात चाक डगमगायला लागलं. गाडीत आई होती. आणि घरी आल्यावर बाबा लेकीवरच उखडले, की तूच काहीतरी हात लावला असशील. बाबा जाऊन आठ महिने झाले होते, तरी ते बोलणं तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

आता गाडी तीच चालवायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार आईला डायलिसिसला न्यायचं, आणायचं. परत येताना आईला धड बसवतही नाही, बसने नेण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या पुढून आवाज यायचा.

खडखड... खडखड...

चार-पाच सेकंद. मग बंद.

गॅरेजच्या फोरमनने कान लावून ऐकलं.

"टायमिंग चेन झिजलीय, ताई. तिला ताणून धरणारा टेन्शनर पण गेलाय. चेन एक दात जरी निसटली ना, तर चालत्या गाडीत इंजिनाचा चुरा."

"मग बदला ना."

"पंधरा दिवस तरी नंबर लागत नाही."

"आईचं डायलिसिस पंधरा दिवस थांबत नाही हो. मग मीच बदलते घरी."

तो हसला. "हे काय लिफ्टचं बटण आहे? घरात कोणी पुरुष माणूस असेल तर पाठवा, त्याला समजावून सांगतो."

आठवडाभर तिचं होय-नाही चाललं होतं. नवी चेन बसवताना दातांवरच्या खुणा चुकल्या तर इंजिन जाणार, आणि जाणार ते आई शेजारी बसलेली असताना. विचार करावा असंच काम होतं. पण त्या हसण्याने ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी तिने बॅटरीची वायर सोडली. ऑइल काढलं. पुली निघाली, कव्हर निघालं. खुणा जुळवून फोटो काढले. जुनी चेन काढून ट्रेमध्ये टाकली आणि हात पुसायला फडकं उचललं.

आणि तेव्हा...

खडखड... खडखड...

इंजिनातून.

बॅटरी सुटलेली. चेन समोर ट्रेमध्ये पडलेली. आवाज मात्र तोच, तेवढाच, चार-पाच सेकंद. मग बंद.

कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं. त्या गल्लीत एकही दुकान नाही.

नवी चेन चढली. आता टेन्शनर. नवा टेन्शनर दाबलेल्या अवस्थेत येतो, एका बारीक पिनेने अडकवलेला. तो बसवायचा, आणि मग पिन ओढून काढायची. पिन निघाली की तो सुटतो आणि चेन ताणून धरतो. पिन आत राहिली तर चेन ढिलीच, आणि सेल्फ मारल्या मारल्या सगळा खेळ खल्लास.

तिने टेन्शनर बसवला. पिनेकडे हात नेला...

डाव्या खांद्याला धक्का बसला.

जोरात नाही. ओळखीचा.

ती अर्धं पाऊल बाजूला सरकलीसुद्धा. सवयीने! मग तिने वळून पाहिलं.

शेडमध्ये कोणी नव्हतं.

घाबरायला हवं होतं. ती भडकली.

"आता तरी सोडा की, बाबा!" पत्रे दणाणले. "आयुष्यभर हात लावू दिला नाहीत! नट स्वतः विसरलात आणि बोल मला लावलात! आईचा जीव गेला असता त्या दिवशी. एकदा तरी म्हणालात का, चुकलं माझं? व्हा बाहेर. हे माझं काम आहे!"

काही नाही. रस्त्यावरचाही आवाज येईना.

मग तिने तावातावाने काम उरकलं. इंजिन पान्याने दोन फेरे फिरवून पाहिलं, खुणा जुळल्या. कव्हर लावलं, बोल्ट आवळले, पुली बसवली, ऑइल भरलं. साडेपाचला बॅटरी जोडून ती गाडीत बसली. किल्ली घातली. फिरवणार...

तिने किल्ली सोडली.

पिन.

पिन तिने काढलीच नव्हती!

निघालेली प्रत्येक बारीक वस्तू ती डब्यात टाकते, तिच्या धंद्याची शिस्तच ती. डबा उपडा केला. पिन नव्हती. म्हणजे आतच होती. तिने स्वतःच्या कानाखाली वाजवायचीच बाकी ठेवली आणि पुन्हा सगळं उघडायला घेतलं.

दोन तासांनी कव्हर निघालं.

टेन्शनर सुटलेला होता. चेन ताठ. अंगठ्याने दाबली, तरी हलेना.

पिन नव्हती. इंजिनात नाही, ट्रेमध्ये नाही, गाडीखाली नाही. टॉर्च घेऊन तिने फरशी अन् फरशी पाहिली. शेवटी मान वर गेली...

दाराच्या चौकटीवर, वरच्या लाकडात, पिन टोचून ठेवलेली होती.

तिचा हात तिथे पोचत नाही. बाबांचा पोचायचा. स्टुलावर चढावं लागलं.

कुणी म्हणेल, बापाची माया. तिला तसं वाटलं नाही. ती स्टुलावरच बसून संतापाने रडली. मेल्यावरसुद्धा या माणसाने हातातलं काम काढून घेतलं होतं! आणि रागाच्या खालून भीती वर यायला लागली. चाकाचे नट विसरणारा हात इंजिनात जाऊन आला होता. त्याने आणखी काय केलं? काय अर्धवट सोडलं?

तिने एकूण एक बोल्ट सोडून पुन्हा आवळला. खुणा तीनदा पाहिल्या. कुठेही चूक नव्हती. लिफ्टच्या कागदावर ती सही करते, कारण काम कुणाच्या हातचं ते तिला ठाऊक असतं. इथे सही कशावर करायची?

सोमवारी सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. खडखड नाही. आईने पट्टा लावला आणि कान देऊन ऐकलं.

"किती शांत चालतेय गं! कोणी नीट केली?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. त्या एका शब्दासाठी ती वीस-पंचवीस वर्षं थांबली होती.

"केली कोणीतरी," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

याला दीड वर्ष झालं. गाडीने एकदाही त्रास दिलेला नाही. तरी आई शेजारी असली की ती रेडिओ लावत नाही. तिचा कान इंजिनाकडे असतो.