बर्फात अनवाणी

मागच्या पौषात, एका मंगळवारी दुपारी मी सेनगावला फोटो छापून आणायला गेले होते. काम साधंच होतं. माझा धाकटा भाऊ शिवशंकर चौदा वर्षांपासून नॉर्वेच्या पार उत्तरेला राहायचा. इंजिनिअर, पण गावात त्याचं नाव झालं ते फोटो आणि कवितांमुळे. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन देशोदेशी फिरायचा, फोटो काढायचा आणि खाली कविता लिहायचा. त्याचं पुस्तक निघालं होतं. हिंगोलीत प्रकाशन ठरलं होतं आणि हॉलमध्ये लावायला अठरा मोठे फोटो हवे होते. ते त्याने माझ्या मोबाइलवर पाठवले. "अक्का, तेवढं बघ," म्हणाला.

बघते म्हटलं. आजवर सगळं मीच बघत आलेय.

आईलाही मीच बघितलं. जन्मभर मेंढरं राखलेली बाई, आमच्या गोरेगावचं शिवार सोडून कधी लांब गेली नाही. दीड वर्षापूर्वी, शेवटचे अकरा दिवस ती हिंगोलीच्या दवाखान्यात दाराकडे तोंड करून पडून होती. "शिवा निघाला का गं?" रोज विचारायची. मी रोज सांगायचे, निघालाय. तो निघालाच नव्हता. तिकीट मिळत नाही म्हणायचा. तिच्या तोंडात पाणी मी सोडलं. अग्नी चुलतभाऊ वैजनाथने दिला. आणि सहा महिन्यांनी शिवाची कविता आली, की आईने शेवटचं पाणी त्याच्या ओंजळीतून घेतलं. लोकांनी वाचून डोळे पुसले. मला फोन करकरून सांगितलं, तुमचा भाऊ किती मनापासून लिहितो हो. तेव्हापासून माझ्या छातीत जे पेटलंय, ते विझलेलं नाही.

पुनमचंदचा स्टुडिओ बसस्टँडच्या मागे आहे. बाहेर जीपमध्ये तुरीची पोती चढत होती. आत अंधार, कॉम्प्युटरचा निळा उजेड आणि शाईचा वास. पुनमचंद एकेक फोटो मोठा करून बघत होता. मध्येच थांबला.

"ताई, एक पुसू का?"

"पुस की."

"ही म्हातारी कोन हाय? हरेक फोटोत हाय."

मी खुर्ची पुढे ओढली. पहिला फोटो लिस्बनचा होता, उतरत्या दगडी गल्लीचा. कोपऱ्यात तारीख होती, आईच्या तेराव्याची. त्या दिवशी इथे पंगत बसली होती आणि हा तिथे गल्लीचे फोटो काढत होता. गल्लीच्या पार टोकाला, बोटाएवढी, एक बाई उभी होती. अंगावर निळं लुगडं, डोक्यावर घोंगडी, पाय अनवाणी. उजवा हात कपाळाशी आडवा. कळपातलं मेंढरू हरवलं की आई अशीच उभी राहून माळ न्याहाळायची.

ते निळं लुगडं मामाने आणलेलं. तिला शेवटचं मीच नेसवलं होतं.

पुनमचंद पुढचे फोटो उघडत गेला. स्टेशन. मासळीबाजार. समुद्रकाठचा पूल. प्रत्येक फोटोत ती होती आणि प्रत्येक वेळी थोडी जवळ आलेली. पंधराव्यात गुडघाभर बर्फ होता आणि त्यात ती तशीच अनवाणी. अठरावा शिवाच्याच घराच्या अंगणातला. त्यात ती त्याच्या खिडकीला लागून उभी होती.

खोलीत ओल्या लोकरीचा वास भरला. पुनमचंदने उठून मागचं दार उघडून पाहिलं.

"मेंढरं आली का काय..." तो पुटपुटला. मागे कुणी नव्हतं.

मी शिवाला व्हिडिओ कॉल लावला. तिथे सकाळचे साडेदहा वाजले असतील, पण हिवाळ्यात तिकडे सूर्य उगवतच नाही. त्याच्या पाठीमागची खिडकी काळीकुट्ट होती.

"शिवा, तुझ्या फोटोत आई हाय."

तो हसला. "अक्का, त्या फोटोंमध्ये कुणीच नाही. रिकामे रस्ते आहेत. त्या रिकामेपणावरच तर कविता आहेत."

"नीट बघ."

"शंभरदा बघितलेत. तू थकलीयेस."

माझा तोल गेला. "ती दाराकडं बघत मेली, तवा तुला दिसली न्हाई. आता तुझ्या म्होरं उभी हाय, तरी दिसत न्हाई. आन् तिच्या नावानं कविता करून राहिला तू. पानी कोनी पाजलं रे तिला?"

तो हळूच म्हणाला, "कवितेत तसं लिहावं लागतं, अक्का."

तेवढ्यात मला त्याच्या मागच्या काचेत ती दिसली. कपाळावर आडवा धरलेला हात. मग माझा सगळा राग तिच्याकडे वळला.

"आये, अकरा दिवस मी तुझ्या उशाशी होते. माझ्या सपनातबी आली न्हाईस तू. ह्याच्याकडं बर्फातून अनवाणी गेलीस. गेलीसच हाय, तर घेऊन ये त्याला. हाताला धरून आन. चालवत आन."

"कुणाशी बोलतेस तू...?" शिवा म्हणाला.

काचेतला हात खाली आला. जे शोधत होती ते सापडल्यासारखा.

"थांब अक्का, दार वाजतंय." त्याने फोन टेबलावर ठेवला. मला नुसतं छत दिसत होतं. कडी निघाल्याचा आवाज आला, वारा आत घुसला. मग मेंढरांना घालतात तशी हाळी ऐकू आली, अगदी मायेनं... "हुर्र... हुर्र..."

फोन बंद झाला. स्क्रीनवर फोटो अजून उघडे होते. अठरांपैकी एकाही फोटोत कुणी नव्हतं.

तीन दिवसांनी तिथल्या पोलिसांचा फोन आला. घराचं दार उघडं, कोट खुंटीला, बूट दाराशी. शिवा कुठेच नव्हता. त्याचा मोबाइल त्यांनी बंद करून ठेवून घेतला. प्रकाशन रद्द झालं. मी म्हणाले ते रागात म्हणाले, हे मी वैजनाथला कितीदा सांगितलं. तो नुसती मान हलवतो.

त्या बंद मोबाइलवरून मला अजून फोटो येतात. आठ-पंधरा दिवसांनी एक. आधी बर्फातली वाट, मग जंगल, मग कुठलं तरी वाळवंट. माणूस कुठेच नाही. दोन माणसांची अनवाणी पावलं मात्र असतात, शेजारी शेजारी.

काल आलेला फोटो सेनगावच्या रस्त्याचा आहे. कडेला मैलाचा दगड, त्यावर गोरेगाव चार किलोमीटर. दगडाजवळच्या धुळीत पावलं स्पष्ट उमटली आहेत. मी मोजली, वैजनाथनेही मोजली.

ती दोघांची नाहीत. तिघांची आहेत. तिसऱ्या टाचेवरची भेग माझ्याच टाचेची आहे.